प्रलयानंतरचे युद्ध

इ. स. २०१४ च्या जून महिन्यात अमेरिकेत ‘डोमिनियन’ नावाची एक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचे कथानक थोडक्यात सांगावयाचे तर ते असे : ईश्वर अकस्मात अंतर्धान पावला आहे. त्याच्या जाण्याचा दोष मानवजातीच्या माथी मारून गॅब्रिएल हा देवदूत आपल्या सैन्यासह पृथ्वीवर चालून आला. मायकेल हा दुसरा देवदूत मात्र मानवांच्या पक्षास मिळाला. या युद्धात जग उद्ध्वस्त होऊन पंचवीस वर्षे लोटली आहेत, आणि लास वेगास शहराच्या अवशेषांवर तट उभारून वाचलेली माणसे ‘वेगा’ नावाच्या नगरात राहत आहेत. येथून कथेस आरंभ होतो.

ही मालिका प्रथमच पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो काळ्या पंखांचा. नाताळच्या चित्रांतून दिसणारा शुभ्रवस्त्र, सौम्यमुख देवदूत येथे नाही. आहेत ते शस्त्रधारी योद्धे, आणि त्यांच्यातील खालच्या पायरीचे दूत तर आपल्याकडील पिशाचांप्रमाणे माणसांच्या देहात शिरून वावरतात. पहिल्या भागाचा बराच वेळ नगरातील दोन बड्या घराण्यांच्या चढाओढीत खर्ची पडला आहे. स्वर्गातील कलह पाहावयास बसलेल्या प्रेक्षकास दरबारी कारस्थाने पाहावी लागतात, ही तिची उणीव म्हटली पाहिजे. तथापि एक कल्पना खरोखर चांगली आहे. एका तरुण सैनिकाच्या अंगावर गूढ अक्षरे उमटतात, आणि ती वाचता आली तरच मनुष्यजात तरेल असे सांगितले जाते. म्हणजे तलवारी कितीही खणखणल्या, तरी लढाईचे मूळ एका न वाचलेल्या लेखात आहे.

ही कल्पना देवरूखच्या माणसास परकी वाटण्याचे कारण नाही. देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे ठाणे. पूर्वेस सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या कुशीत मार्लेश्वराचे स्थान. या मुलखात फाल्गुन लागला की ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडते, आणि रात्री नमन-खेळे रंगतात. मृदंग आणि टाळ यांच्या साथीवर देवांना नमन होते, गण होतो, गवळण होते. आणि सोंगांमध्ये एक सोंग असे येते की त्याला पाहून लहान मूल आईच्या पदराआड दडते आणि तेथूनच पुन्हा डोकावून पाहते. हा संकासुर. काळा वेश, कमरेला घुंगरांचा नाद, आणि उत्तरेकडे गुहागर-दापोलीच्या बाजूस तर डोक्यावर उंच निमुळती टोपी व पांढरी दाढी. जो असुर म्हणून मारला जावयाचा, त्यालाच कोकणात नवस बोलले जातात! एवढे भाग्य लाभलेला दुसरा दैत्य शोधू गेल्यास सहसा सापडणार नाही.

हा संकासुर म्हणजे पुराणांतील शंखासुर होय. त्याची कुळकथा पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते. प्रलयाची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. हात धुण्याच्या पाण्यात मनूला एक लहानसा मासा सापडतो. मनू त्याला वाढवितो. पुढे महापूर येतो तेव्हा मनूची नौका त्या माशाच्या शिंगाला बांधली जाते आणि उत्तरेकडील पर्वताशी सुखरूप पोहोचते. या कथेत दैत्य नाही, युद्ध नाही, चोरीही नाही. पाणी येते व ओसरते, आणि एकटा उरलेला मनुष्य पुन्हा संसार मांडतो. भागवताच्या आठव्या स्कंधात येईपर्यंत मात्र या कथेत वैरी शिरला आहे. कल्पान्ती ब्रह्मदेवास झोप आली, आणि त्याच्या मुखातून निघालेले वेद हयग्रीव नावाच्या दानवाने हरण केले. मत्स्यरूप विष्णूने त्याला मारून ते परत आणले. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात त्याच जागी शंख नावाचा असुर येतो, तो समुद्राचा पुत्र. कोकणच्या रंगभूमीने हाच असुर उचलला. समुद्रकाठच्या लोकांनी समुद्राचा मुलगा पसंत करावा, यात नवल ते काय!

कार्तिकमाहात्म्यातील ही कथा अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. शंखाने देवांना जिंकून स्वर्गातून हुसकून लावले. तरी त्याच्या मनाला स्वस्थता नाही. त्याने विचार केला की, देव हरले खरे, परंतु त्यांचे बळ वेदमंत्रांत आहे. ते मंत्रच हरण केले म्हणजे देव कायमचे दुबळे होतील. विजयी सेनापतीने शत्रूच्या शस्त्रागाराकडे न जाता ग्रंथभांडाराकडे वळावे, असा हा प्रकार आहे, आणि इतिहासात पुढे अनेक जेत्यांनी तसेच केलेले आहे. वेद त्याच्या भयाने पाण्यात शिरले आणि विखुरले. विष्णू त्या वेळी निद्रिस्त होता. कार्तिक शुद्ध एकादशीस देवांनी त्याला जागे केले, तेव्हा त्याने मत्स्यरूप घेऊन असुराला ठार केले. पुढे ऋषींनी पाण्यात शोध करून वेदांचे अंश वेचले, आणि ज्याला जो अंश सापडला त्याचा तो द्रष्टा ठरला. प्रलयानंतरचे खरे काम ते हेच. लढाई थोडक्यात आटोपते. विखुरलेले वेचून जुळविण्यास पुष्कळ हात लागतात.

भागवतात ब्रह्मदेव झोपलेला, पद्मपुराणात विष्णू झोपलेला. देवाची नजर नसताना हा अनर्थ घडतो, याविषयी दोन्ही पुराणांचे एकमत आहे. आणि अमेरिकन मालिकेची उभारणीही ईश्वराच्या अनुपस्थितीवरच झालेली आहे. भेद एवढाच की, आपल्या देवाची झोप पंचांगात मांडलेली आहे. आषाढात तो निजतो, कार्तिकात उठतो. दक्षिण कोकणातील जत्रांचा हंगाम कार्तिकातच सुरू व्हावा, आणि त्या जत्रांतील दशावतारी खेळाच्या आरंभीच शंखासुराचा वध व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही.

दशावतारी खेळ कोकणात केव्हा आला याविषयी एक मत प्रसिद्ध आहे. राजापूर तालुक्यातील आडिवरे गावचे श्यामजी नाईक काळे यांनी तो कर्नाटकातून इ. स. १७२८ च्या सुमारास आणला, असे सांगतात. आडिवरे देवरूखपासून फार लांब नाही, त्यामुळे या मताचा जिल्ह्यास अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात स्त्रीवेष घेणाऱ्या नटांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि समर्थ सतराव्या शतकातच निवर्तले. अर्थात १७२८ पूर्वीही मराठी मुलखाला हा खेळ ठाऊक होता. काळे यांनी त्याला कोकणात नवी घडी घालून दिली असेल. आद्य जनकत्व त्यांच्याकडे देता येत नाही.

या खेळाच्या पूर्वरंगास आडदशावतार म्हणतात. रात्री देवळासमोर पखवाज व झांज वाजू लागते. मुखवटा धारण केलेला गणपती ऋद्धिसिद्धींसह येतो. भटजी त्याची पूजा सांगतो. सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग संकासुर. देवांची भाषा ग्रांथिक, संस्कृत शब्दांनी जड झालेली. संकासुर मात्र अस्सल मालवणीत बोलतो. तो भटजीची थट्टा करतो, गावातील चालू घडामोडींवर टोमणे मारतो, प्रेक्षकांतील बड्या असामीलाही सोडीत नाही. लिहिलेली संहिता नसते. सारे संवाद नटाच्या जिभेवर. ज्याने वेद चोरले त्याच्याच तोंडी लोकांची बोली यावी, यातील गंमत मूळ योजणाऱ्याने जाणून योजली की ती आपोआप घडली, हे ठरविण्याची गरज नाही. प्रेक्षक हसतो तो संकासुराबरोबर, आणि हात जोडतो तो विष्णूला. अखेरीस विष्णू येऊन त्याचा वध करतो. मग मुख्य आख्यान लागते, ते पहाटेपर्यंत चालते.

मायकेल आणि ल्युसिफर ही ख्रिस्ती नावेदेखील मराठीस आजकालची नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, आणि त्याने साष्टी प्रांतातील ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. देवदूतांची उत्पत्ती आणि ल्युसिफरचे पतन त्यात आहे. मिल्टनचे याच विषयावरील महाकाव्य १६६७ चे, म्हणजे एक्कावन्न वर्षे मागाहूनचे. स्वर्गाला स्टीफन्सने ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास जमीनदोस्त झालेली होती आणि जुनी पुराणे ऐकण्यास बंदी होती. ती बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांस काही द्या, अशी मागणी नवख्रिस्ती श्रोत्याच्या मुखाने त्या ग्रंथातच केलेली आहे. ज्यांचे जग बुडाले होते त्यांनी प्रथम काय मागितले, तर आपल्या भाषेतील पुराण! पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज भाषा धरावी, असा हुकूम काढला. शंखासुराचा विचार पुन्हा कोणाला तरी सुचला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

नंतरचा भाग सर्वपरिचित आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि राळेच्या भपक्यात आरोळी ठोकून येणारा राक्षस घाटावरच्या प्रेक्षकांना नव्याने भेटला. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. बावन्न भागांची ठरलेली ती मालिका अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेली, आणि रविवारी सकाळी स्नान करून दूरचित्रवाणी-संचाला हार घालणारी घरे देशभर दिसू लागली. रामकथेचा शेवट माहीत असूनही ती लोकांनी पाहिली. किंबहुना शेवट माहीत होता म्हणूनच निश्चिंतपणे पाहिली.

‘डोमिनियन’ मालिकेच्या नशिबी शेवट नव्हता. पहिल्या पर्वाचे आठ आणि दुसऱ्याचे तेरा असे एकवीस भाग झाले, आणि २०१५ साली वाहिनीने ती बंद केली. त्या सैनिकाच्या अंगावरील लेखाचे प्रयोजन, गॅब्रिएलचे पुढे काय होणार, ईश्वर परत येणार की नाही, हे सारे अर्ध्यावर राहिले. जेथे कथेचे आयुष्य प्रेक्षकसंख्येवर ठरते तेथे असे व्हावयाचेच.

परंतु आपल्याकडेही आता रात्रभर बसण्यास सवड राहिलेली नाही. शहरांतील नाट्यगृहात दशावतार होतो तेव्हा वेळ ठराविक असते, आणि ती साधण्यासाठी कात्री बहुधा आडदशावतारावर पडते. गणपती नाचतो, क्वचित सरस्वती दर्शन देते, की लगेच आख्यानाची लढाई सुरू. लढाई उत्तम होते. गिरक्या आणि तलवारीचे हात पाहून टाळ्या पडतात. पण ज्यात वेदांची चोरी होते आणि चोर आपल्या बोलीत बोलतो, तो प्रवेशच गळतो. मग पहिल्यानेच खेळ पाहावयास आलेल्या मुलाला देवदानव कशासाठी भांडत आहेत याचा उलगडा होत नाही. काही जुन्या मंडळ्या जत्रेत मात्र अजून हा पूर्वरंग पाळतात. तेथे आख्यान संपते तेव्हा उजाडू लागलेले असते. मग दहीहंडी फुटते, आणि ज्यांनी रात्री संकासुराला मरताना पाहिले ते दहीकाल्याचा प्रसाद हातावर घेऊन घरोघर परततात.