वळणावरचा कल

इसवी सन १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास पोहोचला. दख्खनच्या मोहिमेचा प्रमुख शहाजादा परवीझ याचा मुक्काम त्या वेळी तापीकाठच्या या शहरात होता. रो त्यास भेटला, येथेच आजारी पडला आणि तशा अवस्थेतच अजमेरच्या वाटेस लागला. पुढे १६१६ च्या जानेवारीत त्याच्या वकिलातीतर्फे जहांगीर बादशहास जे नजराणे गेले, त्यांत इंग्लिश बांधणीचा एक कोच होता. बादशहास गाडी आवडली, आतले अस्तर मात्र पसंत पडले नाही. ते बदलण्यात आले, आणि दरबारच्या कारागिरांनी त्याबरहुकूम दुसरा कोचही घडविला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहाची स्वारी अजमेरहून निघून मांडूच्या दिशेने चालू लागली, तेव्हा तो या देशी बनावटीच्या चार घोड्यांच्या कोचात बसला होता. बादशहाने आपल्या आठवणींत या ‘फिरंगी रथा’ची नोंद करून ठेवली आहे.

वाहनांच्या इतिहासात या प्रसंगाचे महत्त्व राजकारणापलीकडचे आहे. आपल्याकडील बैलगाडीचा साठा आसावर घट्ट बसविलेला असतो. चाक खड्ड्यात गेले की साठाही तितकाच कलतो; सपाट वळणावर मात्र त्याला वेगळे कलता येत नाही. युरोपातील कोचांची तऱ्हा निराळी होती. प्रवाशांची हाडे वाचावीत म्हणून तेथे बसण्याची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी चौकटीला टांगण्याची रीत पडली होती. पेटी चाकांपासून सुटली, बसणाऱ्यास सुख झाले, आणि त्याच क्षणी वळणावर बाहेरच्या बाजूस झुकण्याची खोडही जन्मास आली. सुख आणि स्थैर्य यांचे हे भांडण तेव्हापासून मिटलेले नाही.

१८०४ साली ओबडाया इलियट या इंग्रजाने लंबगोल स्प्रिंगांचे पेटंट घेतले. गाड्या हलक्या झाल्या, वेग वाढला. पुढे मोटार आली आणि वेगाला घोड्याच्या दमाची मर्यादा उरली नाही. वळणावरचा बाहेरचा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट तर ओढा चौपट. म्हणून टांग्याच्या चालीत जो कल कुणाच्या ध्यानातही येत नसे, तो मोटारीत बसणाऱ्यास घाबरवू लागला.

यावर निघालेला सर्वांत सुटसुटीत तोडगा एका वाकविलेल्या पोलादी दांड्याचा होता. कॅनडातील फ्रेडरिक्टनचा स्टीफन कोलमन याने १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. हा दांडा गाडीखाली आडवा असतो व त्याची दोन टोके दोन बाजूंच्या चाकांच्या जोडणीस बांधलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर दांडा नुसता फिरतो, विरोध करीत नाही. एक बाजू दबली व दुसरी उचलली गेली, म्हणजे गाडी कलू लागली, की त्याला पीळ पडतो आणि तो पीळ कल आवरतो. युक्ती इतकी साधी आहे की ती एखाद्या गावच्या लोहारास सुचली असती तरी नवल वाटले नसते. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत पुढची चाके स्वतंत्रपणे टांगलेल्या, मऊ स्प्रिंगांच्या गाड्या बाजारात आल्या आणि अशा दांड्याची गरज अधिकच भासू लागली.

येथे एक गैरसमज फार रूढ आहे. गाडी कमी कलली म्हणजे बाहेरच्या चाकांवरचा भार कमी झाला, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. बाराशे किलो वजनाची, दीड मीटर चाकपट्टीची एक स्पोर्ट्‌स कार घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे असे धरा. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी साठ किलोमीटर वेगाने गेली, तर सुमारे १७० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. दांडा बसवा अथवा काढा, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. तो बदलतो दोनच गोष्टींनी : गाडी बुटकी केल्याने किंवा चाकपट्टी रुंद केल्याने. स्पोर्ट्‌स कार जमिनीला चिकटल्यासारखी दिसते, ती केवळ रुबाबासाठी नव्हे.

मग दांड्याचा उपयोग काय? टायर रस्त्यावर सरळ टेकून राहतात, चक्र फिरविताच गाडी हुकूम मानते, आणि सरकणारा भार पुढे किती व मागे किती हे ठरविता येते. पुढचा दांडा जाड केला की गाडी वळणावर पुढून बाहेर ओढू लागते; मागचा जाड केला की शेपूट फिरण्याची भीती. शिवाय एका चाकाला बसलेला धक्का दांड्यावाटे दुसऱ्यासही पोहोचतो. उलट उदाहरण १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन टूसीव्हीचे. वळणावर ती पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा इतकी झुकते, तरी सहसा उलटत नाही. वजन खाली आहे, एवढेच.

बऱ्हाणपूरकरांस हा हिशेब दूरचा वाटू नये. इंदूर-इच्छापूर रस्ता असीरगडाच्या पायथ्याने सातपुड्याची वळणे घेत या जिल्ह्यातून जातो. जिल्हा केळीचा, घड भरलेले ट्रक या रस्त्याने जायचेच. मालाची थप्पी उंच रचलेल्या एखाद्या ट्रकचा गुरुत्वमध्य दोन मीटरवर आणि चाकपट्टी १९० सेंटिमीटर धरली, तर वरच्याच वळणावर, त्याच साठच्या वेगाने, तो उलटण्याच्या अगदी काठावर येतो. स्पोर्ट्‌स कार तेथे निर्धास्त असते. तिने अति केलेच तर ती उलटण्याआधी घसरते. ट्रक घसरण्याआधी उलटतो. त्याचा कल ही चालकास मिळणारी सूचना होय. जाड दांडा बसवून ती सूचना पुसली आणि थप्पी आणखी दोन थर चढविली, तर दांड्याने उपकार केला की अपकार, हे सांगणे कठीण आहे.

जहांगीराचा फिरंगी रथ ज्या मांडूकडे निघाला होता, त्याच धार जिल्ह्यात पीथमपूर येथे २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणी मार्ग सुरू झाला. त्याच्या वळणांवर रस्ताच आतल्या बाजूस उतरता बांधलेला आहे. तेथे गाडीऐवजी वाट कलते, आणि आत बसलेल्यास बाजूचा ओढा फारसा जाणवत नाही. असीरगडाखालून केळी नेणाऱ्या चालकास मात्र वळणापूर्वी वेग उतरविणे आणि थप्पी बुटकी ठेवणे हेच दोन उपाय हाताशी आहेत.