भावनिक श्रम (बालशिक्षणातील)
तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळताना राग, थकवा आवरून शांत राहणे हा बालशिक्षिकेच्या कामाचाच भाग आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या अभ्यासातून अशा श्रमांची मांडणी केली. आतून पटलेले नसताना नुसते हसू चढवणे माणसाला अधिक थकवते, असे पुढील संशोधनात वारंवार आढळले. मुलांवर माया असली की हे आपोआप जमते, हा आक्षेप टिकत नाही. एक मूल चावते, दुसऱ्याची चड्डी ओली होते आणि त्याच वेळी खिचडी वाढायची असते, तेव्हा माया असूनही मदतनीस, थोडा विसावा आणि रास्त मोबदला लागतोच. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविकेला मात्र नियमित वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळते, हे अन्यायाचे आहे.