अग्रस्थानाची रिकामी जागा

रांजणगावच्या महागणपतीची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्रिपुरासुरावर चालून जाताना शंकरांना गणेशाचे स्मरण राहिले नाही आणि यश आले नाही; पूजन केल्यावर त्रिपुराचा वध झाला. अग्रस्थान रिकामे ठेवून केलेला आरंभ फसतो, हा तिचा बोध. संगणकाच्या इतिहासात तो अक्षरशः खरा ठरला आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली रचावयास घेतली. तीत माणूस एका ओळीत आज्ञा लिहितो: आधी आज्ञेचे नाव, मग ती ज्यांवर चालवायची त्यांची यादी. पण यादीच रिकामी असेल तर? प्रत्येक आज्ञेचे उत्तर निराळे. फाइलींची नावे सांगणारी 'एलएस' चालू फोल्डरमधले सारे दाखविते. मजकूर दाखविणारी 'कॅट' कळफलकाकडे कान लावून बसते. पुसून टाकणारी 'आरएम' मात्र 'काय पुसू?' म्हणून अडून राहते. हा तिचा शहाणपणाच!

घोटाळा होतो तो यादी यंत्राने केली की. एका आज्ञेने शोधलेली नावे 'एक्सआर्ग्ज' दुसरीच्या हाती देते. समजा, जुन्या फाइली शोधून 'एलएस'कडे द्यावयाच्या आहेत आणि एकही सापडली नाही. ग्नूची 'एक्सआर्ग्ज' तरीही 'एलएस' एकदा चालवितेच, आणि सगळे फोल्डर समोर येते. 'काही नाही' याचे 'सर्व काही' झाले! फ्रीबीएसडीत मात्र अशा वेळी काहीच चालत नाही.

याहून मोठा अनर्थ अग्रस्थानी घडला. यादीच्या शून्याव्या जागी आज्ञेचे स्वतःचेच नाव असते. सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळवून देणाऱ्या 'पीकेएक्झेक'ने २००९ पासून ती जागा भरलेलीच असणार असे धरले होते. पण बोलाविणारा पूर्ण रिकामी यादीही देऊ शकतो. मग ही आज्ञा एकापासून मोजू लागे, हद्द ओलांडी आणि शेजारची स्मृती आपलीच समजून वाची. या वाटेने कोणीही वापरकर्ता यंत्राचा धनी होऊ शके. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिसच्या संशोधकांनी हे उघड केले. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात रिकामी यादी आल्यास तेथे एक कोरे नाव घालण्याची सोय झाली.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) शून्याच्या गणिताला स्वतंत्र नियम दिले. शून्य ही संख्याच आहे. तशी शून्य वस्तूंची यादी हीही यादीच. तिच्यावर शून्य काम व्हावे. जेथे विध्वंस संभवतो तेथे तर्क न लढविता विचारावे. चाकराने धन्याच्या मौनाला होकार समजू नये.