रविवारची सुट्टी आणि सोमवारचा खोकला

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी या स्मरणिकेच्या पानांतून आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. मूळ गाव, कुलदैवत, वतने, देवालये, दानशूर पुरुष आणि विद्याविभूषित मंडळी यांचा परिचय प्रतिवर्षी वाचकांस घडतो, व तो घडावा हे योग्यच आहे. परंतु मुंबईतील ज्या कापडगिरण्यांच्या भोंग्यावर आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांच्या चुली दोन-तीन पिढ्या पेटल्या, त्या गिरण्यांत आपल्या वाडवडिलांच्या शरीराचे काय झाले, याविषयी आम्ही फारसे लिहिलेले नाही. कष्टाचा अभिमान आम्ही बाळगला. त्या कष्टाची छातीने दिलेली किंमत मात्र विसरून गेलो. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी घरचीच एक आठवण सांगण्याची अनुज्ञा असावी. आमचे आजोबा एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात कामास होते. रविवारी रात्री चाळीतील भजनात त्यांचा आवाज सर्वांत खडा लागे. सोमवारी संध्याकाळी तेच आजोबा छातीवर हात ठेवून जिना चढत आणि गॅलरीत बसून खोकत राहत. मंगळवारी थोडे बरे वाटे; गुरुवार-शुक्रवारपर्यंत विशेष तक्रार उरत नसे. आजी म्हणत, "रात्रभर भजन केल्यावर दुसरे काय होणार?" जॉबर म्हणे, "सुट्टीनंतरचा आळस आहे." पुढे पुढे मात्र सर्वच वार सोमवारसारखे झाले. अखेरच्या कागदावर डॉक्टरांनी 'जुनाट दमा' असे लिहिले, आणि आम्हीही तेच खरे धरून चाललो. त्या सोमवारचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. तो सांगण्यापूर्वी रविवारची सुट्टी कशी मिळाली, हे सांगणे अवश्य आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ पासून ती चालू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. पण त्यांतील कामाचे तास, मुलांचे वय किंवा यंत्रांचे कठडे यांविषयी कोणताही कायदा नव्हता. दिवस उजाडला की काम सुरू व्हावे आणि सूर्य मावळला की थांबावे, एवढाच काय तो नियम. १८७५ साली मुंबई सरकारने एक चौकशी मंडळ नेमले. त्यातील बहुसंख्य सभासदांचे मत पडले की, कायद्याची आवश्यकता नाही. या मताविरुद्ध सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी चिकाटीने चळवळ केली आणि कायद्याचा मसुदाही तयार केला.

या प्रसंगी एक विचित्र पेच उत्पन्न झाला होता, तो येथे नमूद केलाच पाहिजे. मुंबईचे कापड स्वस्त पडू लागल्यामुळे लँकेशायरचे गिरणीमालकही हिंदुस्थानात कारखाना-कायदा व्हावा म्हणून विलायतेत खटपट करीत होते. त्यांच्या करुणेमागे व्यापार आहे हे ओळखून आपल्याकडील अनेक देशभक्त पत्रांनी कायद्यालाच विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु लँकेशायरचा हेतू अशुद्ध होता म्हणून परळच्या मुलाचे यंत्रात सापडलेले बोट खोटे ठरत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वादात बाजूस पडली.

अखेर १८८१ साली पहिला कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. ७ वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी, ७ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ तासांची मर्यादा व महिन्यातून चार सुट्ट्या, आणि धोक्याच्या यंत्रांस कठडे, एवढे त्याचे सार. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

ही उणीव ज्यांच्या अंतःकरणास झोंबली, ते नारायण मेघाजी लोखंडे होत. १८४८ साली ठाणे येथे जन्मलेले लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली असल्यामुळे गिरणीच्या आतील स्थिती त्यांनी स्वतः पाहिली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात पाच मागण्या होत्या. सर्वांना रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर जखमी झालेल्या माणसास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

वाचकांनी या पाचव्या मागणीकडे विशेष लक्ष द्यावे. अपघाताची भरपाई हा मालकाचा दयाधर्म नसून कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व मुंबईच्या कामगारांनी १८८४ साली सरकारपुढे मांडले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली, आणि अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. मधल्या चाळीस वर्षांत ज्यांचे हात पट्ट्यात गेले, ज्यांच्या धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर चाकात अडकला, त्यांना कायद्याने काहीही दिले नाही. ती कुटुंबे गावी परतली, एवढेच त्यांच्याविषयी सांगता येते.

रविवारसाठीही सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० गिरणी कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने ती सर्वत्र बंधनकारक झाली. त्याच कायद्याने मुलांच्या वयाची किमान मर्यादा ९ वर्षांवर नेली व स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा घातली. लोखंडे यांना पुढे आयुष्य फार लाभले नाही. प्लेगच्या साथीत रुग्णांच्या सेवेत असताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आता सोमवारकडे वळू. कापसाचे गठ्ठे फोडून तो पिंजताना, म्हणजे ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत, अतिसूक्ष्म धूळ उडते. कापसाबरोबर आलेल्या पानकाडीचा आणि त्यावरील जंतूंच्या विषारी द्रव्यांचा अंश तीत असतो. वर्षानुवर्षे ही धूळ छातीत गेल्याने जो रोग होतो, त्यास वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. जवस (अळशी) व भांग यांचे तंतू पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच करून ठेवले आहे. या रोगाचे लक्षण विलक्षण आहे. कामगार रोज धुळीत असतो तोपर्यंत शरीर ती कशीबशी सोसते. एक दिवसाच्या विश्रांतीनंतर धूळ पुन्हा छातीत शिरली की छाती आवळून येते. म्हणजे रोग प्रकट होतो तो सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. प्रारंभी मनुष्य या धुळीपासून दूर झाला तर बरा होऊ शकतो. पुष्कळ वर्षे लोटली की फुप्फुसांची शक्ती कायमची जाते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्ष-किरण चित्रात या रोगाची अशी वेगळी खूण उमटत नाही. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात डॉ. शिलिंग यांनी लँकेशायरच्या कामगारांची तपासणी केली, ती मुख्यतः एका प्रश्नाच्या आधारे: तुमची छाती आठवड्याच्या कोणत्या दिवशी आवळते? मुंबईतही पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी गिरणी कामगारांत या रोगाचा अभ्यास केला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराचा समावेश कालांतराने नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही झाला. परंतु आमच्या आजोबांना तो एक प्रश्न कोणी विचारला नाही. आजी दररोज त्यांना पाहत होती. उत्तर तिला ठाऊक होते, प्रश्न तेवढा ठाऊक नव्हता.

लोखंडे यांनी मिळवून दिलेल्या रविवारने आपल्या माणसांना विश्रांती, भजन आणि कुटुंबाचा सहवास दिला. त्याच रविवारने, कोणाच्याही ध्यानीमनी नसता, छातीतील रोगाची साक्षही उभी केली. ती साक्ष ऐकणारा मात्र कोणी नव्हता, आणि याचा दोष सर्वस्वी मालक व सरकार यांच्यावर टाकून आम्हांस मोकळे होता येणार नाही.

ज्ञातिसंस्थेच्या पानांवर लिहिण्यास कठीण, पण लिहिलेच पाहिजे असे एक उदाहरण देतो. विणकाम खात्यात धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. तीमुळे तूस आणि धूळ थेट घशात जाई, आणि एकाच धोट्यास अनेकांची तोंडे लागत. ही रीत आरोग्यास घातक म्हणून बंद करा, अशी मागणी स्पृश्य म्हणवणाऱ्या विणकरांनी एकमुखाने करावयास हवी होती. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. सुतास व धोट्यास तोंड लागते या सबबीवर, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या त्या खात्यात येऊच दिले गेले नाही. १९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय उघडपणे मांडला. धुळीला व रोगाला जात नव्हती. ती आम्ही धोट्याला लावली. ज्ञातीज्ञातींच्या मंडळांनी त्या काळी गावकऱ्यांसाठी खोल्या घेतल्या, मयताच्या खर्चास मदत केली, हे सर्व खरे. पण सर्वांची छाती एकच आहे, हे ओळखण्यात आम्ही उशीर केला.

यापुढील कायद्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९११ साली कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसास १२ तासांची मर्यादा आली. १९२२ साली आठवड्यास ६० तास, १९३४ साली ५४, आणि डॉ. आंबेडकर मजूर सभासद असताना आणलेल्या विधेयकानुसार १९४६ साली ४८ तास झाले. १९२९ साली मुंबई प्रांताने प्रसूती-साहाय्याचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने धूळ, उष्मा, बाष्प, उजेड, पिण्याचे पाणी, कठडे व पाळणाघर यांविषयी सविस्तर नियम घातले. त्याच वर्षी राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५४ साली ती योजना मुंबईत आली. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची भीषण वायुदुर्घटना घडली. तिच्यानंतर १९८७ साली, आपण कोणत्या धोक्यात काम करतो हे जाणून घेण्याचा हक्क कामगारास कायद्याने मिळाला. पण तोवर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे भोंगे एकामागून एक बंद पडू लागले होते.

या दीर्घ इतिहासात एक आकडा मात्र डोळ्यांपुढे ठेवावा. किती माणसे असली म्हणजे जागेस 'कारखाना' म्हणावे? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेपुरते बोलावयाचे तर १८८१ साली १००, १८९१ साली ५०, १९२२ साली २० आणि १९४८ साली १०. सदुसष्ट वर्षे हा आकडा खाली येत गेला आणि अधिकाधिक माणसे कायद्याच्या छत्राखाली आली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो पुन्हा २० वर नेला. १० कामगारांच्या आस्थापनांना संहितेतील सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत आणि धोक्याच्या प्रक्रियांविषयी निराळी तरतूद आहे, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि आकड्याची दिशा बदलली, हे विसरता येत नाही. कारण गिरण्या गेल्या तरी कापसाची धूळ गेलेली नाही. ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या गाळ्यांत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह, आजही उडते आहे. अशा गाळ्यांत सात-आठ माणसे असतात, आणि सात-आठ माणसांची फुप्फुसे कायद्याच्या आकड्यात बसत नाहीत.

म्हणून समाजबांधवांस आणि भगिनींस आमची सविनय विनंती आहे. ज्यांच्या घरी गिरणीत, गोदीत वा कारखान्यात राबलेली वृद्ध माणसे आज हयात आहेत, त्यांनी त्यांच्या कामाची हकिगत लिहून ठेवावी: खाते कोणते, वर्षे किती, त्रास कोणत्या वारी होई. ते डॉक्टरांकडे जातील तेव्हा रोगाबरोबर कामही सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. विम्याचे कार्ड, पगाराच्या पावत्या, कामावरचा दाखला यांस घराच्या दस्तऐवजांइतकेच जपावे. ज्यांची मुले आज लहान गाळ्यांत व कंत्राटी कामावर आहेत, त्यांनी "पगार किती?" या प्रश्नासोबत "तेथे हवा कशी आहे?" हाही प्रश्न विचारावा. आणि आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, त्यांनी कामगारांची संख्या मोजण्यापूर्वी आपल्या आजोबांचा सोमवार आठवावा, तो कामगार कोणत्या ज्ञातीचा आहे हे न पाहता.

१८८४ च्या त्या निवेदनावर ज्या ५,५०० माणसांनी सह्या केल्या, त्यांची नावे आज कोणाच्याही वंशावळीत शोभेसाठी लिहिलेली नाहीत. तथापि दर रविवारी आपण जी विश्रांती घेतो, ती त्यांची देणगी होय. तिचे ऋण फेडावयाचे असेल तर सोमवारी कोण खोकतो आहे, इकडे आपण कान दिला पाहिजे.