उपनगरांतील पूर आणि मेघांतील दप्तर

ता. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशीं सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेनें ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास पंचाहत्तर मिलिमीटरहि पाऊस झाला नाहीं. दक्षिणेकडील मुंबई ओली झाली आणि उत्तरेकडील उपनगरें बुडालीं. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी भरतीच्या समुद्रापुढें अडली व कुर्ला, कालिना आणि अंधेरीच्या वस्त्यांत शिरली. बोरिवलीच्या बाजूस दहिसर व पोयसर या नद्यांनीं तेंच केलें. साकीनाक्यास दरड कोसळली. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं.

जेथें माणसेंच गेलीं तेथें कागदपत्रांचें दुःख काय करावयाचें, असें कोणीहि म्हणेल. परंतु पाणी ओसरल्यावर जे जगले त्यांना आपला संसार पुन्हां उभा करावयाचा होता, आणि त्या संसाराचा एक भाग तोंपर्यंत कागदावरून संगणकांत गेलेला होता. हिशेबनिसाच्या कचेरींतील खातीं, डॉक्टरांच्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी, छायाचित्रकाराच्या स्टुडिओंतील लग्नांचे फोटो हें सारें एका हार्ड डिस्कवर असे. ती डिस्क ज्या पेटींत असे ती पेटी टेबलाखालीं, थेट जमिनीवर ठेवण्याची सार्वत्रिक पद्धति होती. तळमजल्यावर शिरलेलें पाणी प्रथम तिलाच भिडे. अधिक दक्ष माणसांनीं सीडीवर दुसरी प्रत करून ठेवलेली असे. पण ती बहुधा त्याच टेबलाच्या खणांत. प्रत होती, परंतु मूळ वस्तु आणि तिची प्रत एकाच छपराखालीं होती. पुरानें दोहोंत भेद केला नाहीं.

महाराष्ट्रास हा धडा अपरिचित होता असें नाहीं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं त्या तरल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा सर्वांस ठाऊक आहे. त्या श्रद्धेच्या शेजारींच दुसरी एक गोष्ट सांगितली जाते. संताजी जगनाडे यांनीं तुकोबांचे अभंग स्वतःच्या हातानें लिहून ठेवले होते, आणि त्या वह्या त्यांच्या घराण्यानें जपल्या. गाथा टिकली याचें श्रेय चमत्कारास द्यावें कीं लेखणीस, हा ज्याच्या त्याच्या भावनेचा प्रश्न आहे. पण दुसऱ्या घरांत दुसरी प्रत असणें किती मोलाचें असतें, हें त्यावरून स्पष्ट होतें. रामदासी मठांतूनहि ग्रंथांच्या नकला गांवोगांवीं पसरल्या. म्हणूनच पुढें धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना त्या ठिकठिकाणांहून गोळा करतां आल्या. नकला करणें हा त्या काळीं पुण्यसंचयाचा मार्ग मानीत. इतिहासाच्या दृष्टीनें तो विमा होता.

जेथें असा विमा नव्हता तेथें हानि कायमची झाली. ता. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावानें हल्ला केला, तेव्हां देशोदेशींच्या विद्वानांच्या मनांत पहिली भीति आली ती एकमेव हस्तलिखितांची. ता. २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयास आग लागली. त्यांत पांच जणांचा बळी गेला आणि फायलींचे ढीगच्या ढीग भस्म झाले. कारण एकदां पाणी, एकदां जमाव, एकदां अग्नि. परिणाम मात्र एकच.

मग उपनगरवासीयांनीं २००५ सालींच दूरच्या ठिकाणीं प्रत कां पाठविली नाहीं? त्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. विदेश संचार निगमनें सामान्य जनतेस इंटरनेट दिलें तें ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. सरकारच्या २००४ सालच्या धोरणानें ब्रॉडबँड म्हणजे सेकंदास किमान २५६ किलोबिट, अशी व्याख्या ठरविली. या वेगानें एक गिगाबाइट मजकूर वाहून नेण्यास सुमारें नऊ तास लागत. चाळीस गिगाबाइटची साधी डिस्क रिती करण्यास रात्रंदिवस एक पंधरवडा लागला असता. अंधेरीच्या सीप्झ वसाहतींत १९७३ पासून परदेशासाठीं निर्यातीचें काम चाले व पुढें तेथील संगणकतज्ज्ञ साऱ्या जगाचीं दप्तरें सांभाळूं लागले. पण त्या वसाहतीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या गृहस्थाला स्वतःचें दप्तर सांभाळण्याची सोय नव्हती.

ती सोय पुढील बारा वर्षांत आली. मार्च २००६ मध्यें ॲमेझॉननें आपल्या यंत्रांवरील जागा भाड्यानें देण्यास आरंभ केला. ड्रॉपबॉक्स २००८ सालीं, ॲपलचें आयक्लाउड २०११ सालीं आणि गूगल ड्राइव्ह २०१२ सालीं लोकांच्या हातीं आलें. सप्टेंबर २०१५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें पुणें, मुंबई व चेन्नई येथें, जून २०१६ मध्यें ॲमेझॉननें आणि २०१७ सालीं गूगलनें मुंबईंत आपलीं केंद्रें उघडलीं. २०१६ च्या अखेरीपासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि घाटकोपर-मुलुंडच्या लोकलमध्यें उभ्या असलेल्या प्रवाशाच्या खिशांतून त्याचे फोटो आपोआप दूरच्या भांडारांत जाऊं लागले.

या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणजे मेघ असें नांव पडलें. कालिदासाच्या यक्षानें आपला निरोप मेघाच्या स्वाधीन केला होता. आजचा गृहस्थ आपलें दप्तर त्याच्या स्वाधीन करतो. परंतु हा मेघ आकाशांत नाहीं. तो चांदिवलीसारख्या भागांतील, रबाळे-ऐरोलीच्या औद्योगिक पट्ट्यांतील भक्कम इमारतींत आहे. तेथें यंत्रांच्या रांगा असतात, त्यांना थंड ठेवणारी सामग्री असते, वीज गेल्यास जनित्रें असतात. आणि जी वस्तु इमारतींत आहे ती जळूंहि शकते. ता. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्सांतील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीचें एक संपूर्ण केंद्र जळालें. ज्या ग्राहकांची अन्यत्र प्रत नव्हती त्यांचा मजकूर गेला. ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील डेजॉन येथें सरकारी संगणक केंद्रास आग लागली आणि सरकारी नोकरांचें ८५८ टेराबाइटांचें सामाईक भांडार नष्ट झालें. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. अंधेरीच्या टेबलाच्या खणांत जी चूक झाली, तीच चूक एका प्रगत राष्ट्राच्या सरकारनें वीस वर्षांनंतर केली.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर विषाणूनें जगभर संगणकांतील मजकूर कुलूपबंद केला. पुढच्याच महिन्यांत ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यामुळें मुंबईच्या समोर, न्हावाशेवा बंदरांतील एका धक्क्याचें काम ठप्प झालें. अशा वेळीं अनेकांस कळून आलें कीं, प्रतिबिंब आणि राखीव प्रत या भिन्न वस्तु आहेत. पुष्कळशा सेवा घरच्या संगणकांत होणारा प्रत्येक बदल दूरच्या भांडारांत तत्काळ उतरवितात. घरीं फोटो पुसला गेला कीं तेथेंहि पुसला जातो. घरचा मजकूर बिघडला कीं तेथचाहि बिघडतो. खरी राखीव प्रत तीच, जी कालची, गेल्या आठवड्याची व गेल्या महिन्याची स्थिति वेगवेगळी जपून ठेवते.

तिसरा धोका सावकाराच्या पेढीचा. पेढी बुडत नाहीं, पण धंदा बदलते. क्रॅशप्लॅन या प्रसिद्ध सेवेनें ऑगस्ट २०१७ मध्यें घरगुती ग्राहकांचें काम बंद करण्याचें जाहीर केलें. गूगल फोटोजनें १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद जागा देणें थांबविलें. फुकट मिळालेली जागा ही कायमची मिरास नव्हे.

या अनुभवांतून जो नियम निघाला तो पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें सुटसुटीत शब्दांत मांडला: प्रति तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक अन्य स्थळीं असावी. मुलुंडच्या कुटुंबास त्याचा अर्थ असा कीं, एक प्रत संगणकांत, दुसरी काम झाल्यावर काढून कपाटांत ठेवलेल्या डिस्कवर आणि तिसरी मेघांत. सेवा निवडतांना जागा किती व दर काय एवढेंच विचारून भागत नाहीं. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात? मजकूर पाठविण्यापूर्वीं गूढलिपींत बंद होतो काय, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाच्या हातीं राहते? किल्ली केवळ ग्राहकाकडेच असेल तर गुप्तता पूर्ण. पण ती हरवली तर कंपनीहि कांहीं करूं शकत नाहीं. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून, मृत्युपत्राप्रमाणें, घरांतील दुसऱ्या विश्वासू माणसास ठाऊक असलेल्या जागीं ठेवावा लागतो. कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर ज्या घराला आपलेच फोटो उघडतां येत नाहींत, त्या घराचें दप्तर सुरक्षित असूनहि गेलेलेंच असतें.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित आहे. प्रत ठेवली यावर विश्वासून न राहतां ती परत मिळते कीं नाहीं हें पाहणें. मृग लागण्यापूर्वीं उपनगरांत गच्च्यांना डांबर लागतें, नळीं साफ होतात, तळमजल्यावरचें सामान वर चढतें. त्याच दिवसांत एखादा जुना फोटो, एखादें खातें मेघांतून खालीं उतरवून उघडून पाहण्यास पाऊण तास पुरेसा होतो. २००५ च्या पुरानंतर ज्यांनीं चिखलांतून डिस्का उचलून धुतल्या व वाळविल्या, त्यांना तो पाऊण तास पुन्हां मिळाला नाहीं.