जात्यापाशी मागितलेला कौल

गावात पिठाची गिरणी नव्हती, तेव्हा घरच्या बाईचा दिवस कोंबडा आरवायच्या आधी उजाडायचा. दिवसभराच्या भाकरीचं पीठ पहाटेच पडायला हवं असायचं. सासू-सून किंवा जावा-जावा जात्याशी समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचा हात आणि मोकळ्या हाताने मूठ मूठ जोंधळा वैरायचा. घरातले पुरुष निजलेले. अख्ख्या दिवसात बाईला आपल्या मनाशी बोलायला मिळणारा वेळ बहुधा हाच, आणि त्या बोलण्याचं रूप म्हणजे ओवी.

चाल फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे निदान आठशे वर्षं कष्ट आणि गाणं इथे हातात हात घालून चाललं.

ओव्यांचा एक क्रम असे. पहिली ओवी देवाची. विठ्ठल, तुळस, गावदेवी यांना हाक घालून झाली की मग आईबाप, भाऊ आणि लेकरं यायची. हा क्रम नुसता भक्तीचा नव्हता. जे सासऱ्यासमोर किंवा नवऱ्यासमोर उच्चारता येत नव्हतं, ते पंढरीच्या विठोबाला सांगता येत होतं. लेक लांबच्या गावी दिल्याची सल, पोराच्या दुखण्याचा घोर, माहेरी जावं की दुःख गिळून इथेच राहावं हा पेच, सगळं जात्यावर येई. मोठे निर्णय बहुतेक वेळा तिच्या हाती नसत, हे विसरून चालणार नाही. मुलगी कुठे द्यायची ते पुरुष ठरवत, आणि ओवीने ते लग्न मोडत नसे. पण सोसायचं किती, बोलायचं केव्हा, कोणत्या लेकराला कसं सावरायचं, याचा कौल ती इथे आपल्याच मनाला लावत होती.

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई देवी येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. त्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची चाल अनेक घरांत होती. हा कागद मांडणारी आईच पुढे त्याच लेकरासाठी ओवी रचत होती, त्याचं भलं मागत होती, त्याला वाढवण्याचे मनसुबे बांधत होती. कपाळीचं लिहिलेलं मान्य करूनही तिने आपल्या बाजूचं लिहिणं थांबवलं नाही. मातृत्वातली श्रद्धा आणि सर्जन यांचं याहून नेमकं चित्र दाखवणं अवघड आहे.

ओवीच्या या चालीतून उभी राहिलेली सर्वांत मोठी कवयित्री म्हणजे बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, खानदेशातलं असोदे. अक्षरओळख नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य, पदरी तीन मुलं. घर, शेत आणि लेकरं सांभाळता सांभाळता तिला लेवा गणबोलीत गाणी सुचत गेली. वैधव्यावरच्या एका कवितेत ती दारी आलेल्या जोतिषाला परत पाठवते. तळहातावरच्या रेघोट्यांना नशीब म्हणायला ती तयार नाही. आपलं दैव आपल्याला कळतं, ते सांगायला दुसरा कोणी नको, असा तिचा सूर आहे. हीच बाई सरस्वतीला आपली शिकवणारी माय मानते आणि पांडुरंगाला विसरत नाही. देवावर भरवसा, भविष्य सांगणाऱ्यावर नाही! एकट्या आईने मुलं वाढवताना स्वतःच्या आतल्या जाणिवेवर टाकलेला हा विश्वास आजही थक्क करतो.

ती गाणी टिकली तीही लेकामुळे. कवी असलेले सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं.

हजारो बायकांच्या नशिबी असा लेक नव्हता. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संग्रहांत पुष्कळ ओव्या वाचवल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या ओव्या मुद्दाम ऐकाव्यात. देवाची जागा तिथे भीमरायाने (डॉ. आंबेडकरांनी) आणि बुद्धाने घेतली आहे. १९५६चं बौद्ध धर्मांतर नागपूरच्या मैदानात झालं खरं. पण ते घरात रुजवलं ते दळता दळता गाणाऱ्या या आयांनी.

मग गिरण्या आल्या. दंडांची झीज थांबली, पहाटेची झोप मिळाली, आणि त्याचं कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही. गेली ती दोघींनी समोरासमोर बसायची जागा. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं जुन्या बायका म्हणतात. जातं कोपऱ्यात गेलं आणि नवी ओवी जुळणं जवळपास थांबलं. घरात आजी, आत्या, मावशी कुणी जात्यावर गायलेली असेल तर सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ बसा. फोनवर ओव्या ध्वनिमुद्रित करा, खाली तिचं नाव आणि गाव लिहा, आणि कोणती ओवी आयुष्यातल्या कोणत्या अडचणीत सुचली, तेही तिला विचारून ठेवा.