दीक्षित आहारपद्धती

दीक्षित आहारपद्धती ही दिवसातून केवळ दोन वेळा जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपविणे आणि रोज ४५ मिनिटे चालणे या सूत्रांवर आधारलेली जीवनशैली आहे. वजन व पोटाचा घेर कमी करणे, तसेच टाइप २ मधुमेहास प्रतिबंध करणे हे तिचे मुख्य उद्देश होत. तिचा मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडला. लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिला नियमबद्ध रूप देऊन तिचा प्रसार केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. बोलीत ‘दीक्षित डाएट’ हा शब्द रूढ आहे.

उगम

श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे एम.डी. पदवीधारक वैद्य, विधानसभा व राज्यसभेचे सदस्य, राज्यातील मंत्री आणि असंख्य विद्यापीठीय पदव्या मिळविलेले विद्वान म्हणून परिचित होते. वारंवार खाण्यामुळे वारंवार इन्सुलिन पाझरते आणि तेच लठ्ठपणाचे मूळ आहे, असे ते आपल्या व्याख्यानांतून सांगत. २ जून २००४ रोजी नागपूरजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. या विषयावरील त्यांचे विचार व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांतून फिरत राहिले.

दीक्षित हे जनऔषधवैद्यकशास्त्राचे अध्यापक. लातूरपूर्वी त्यांनी अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात काम केले होते. वाढलेले वजन उतरविण्याचे अन्य उपाय टिकेनात, तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी जिचकारांची पद्धत स्वतःवर करून पाहिली. त्यांच्या सांगण्यानुसार तीन महिन्यांत त्यांचे वजन ८ किलोने उतरले. त्यानंतर त्यांनी विनामूल्य व्याख्याने, व्हॉट्सॲपवरील गट आणि पुस्तके या मार्गांनी ही पद्धत महाराष्ट्रभर व परदेशस्थ मराठी कुटुंबांपर्यंत नेली.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून आरोग्य सुधारण्याच्या प्रवृत्तीस अलीकडे ‘बायोहॅकिंग’ म्हणतात. अमेरिकेत २००७ च्या सुमारास गॅरी वुल्फ व केव्हिन केली यांच्या पुढाकाराने स्वतःच्या शरीराची मोजमापे नोंदविणाऱ्यांची चळवळ सुरू झाली. दंडाला लावायचे शर्करामापक, झोप मोजणारी घड्याळे व पूरक आहाराच्या गोळ्या हा त्या जगाचा सरंजाम. लातूरच्या प्रयोगाची जात तीच असली, तरी त्याला घड्याळ, वजनकाटा आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागले. ही पद्धत सामान्य घरांत पोहोचण्याचे मोठे कारण तिचा शून्य खर्च हे आहे.

नियम

पद्धत स्वीकारणाऱ्याने प्रथम आपल्याला कडकडून भूक केव्हा लागते हे काही दिवस पाहावे आणि त्या दोन वेळा जेवणासाठी निश्चित कराव्यात, असे सांगितले जाते. वेळा सर्वांना एकच नसतात. जेवणात काय असावे याबाबत फारसे निर्बंध नाहीत; घरात शिजते तेच अन्न चालते, मात्र गोड कमी व प्रथिने अधिक असावीत अशी सूचना असते. दोन जेवणांच्या मध्ये पाणी, घरी केलेले पातळ ताक, साखर व दूध न घातलेला कोरा चहा अशी पेये चालतात. दुधासाखरेचा चहा, बिस्किट, शेंगदाणे, फळाची फोड, इतकेच काय घासभर चवसुद्धा चालत नाही. नवशिक्यांची सर्वाधिक पंचाईत होते ती चहापाशी, कारण मराठवाड्यात पाहुण्याला चहा विचारणे आणि पाहुण्याने तो घेणे हा शिष्टाचार आहे.

चालण्याचे लक्ष्य ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर असे असते. आरंभी उपाशीपोटीचे इन्सुलिन व एचबीए१सी या रक्ततपासण्या कराव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात, असा आग्रह धरला जातो. मधुमेहींसाठीचे नियम अधिक कडक असून त्यांत गोड पदार्थ पूर्णतः वर्ज्य आहेत. अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांच्यासाठी ही पद्धत नाही.

इन्सुलिनविषयीची मांडणी

स्वादुपिंडातील बीटा पेशींतून स्रवणारे इन्सुलिन रक्तातील शर्करा पेशींमध्ये पोहोचविते आणि चरबीचे विघटन रोखून धरते. दिवसभर काही ना काही तोंडात टाकणाऱ्याच्या रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ चढे राहते व साठलेली चरबी वापरली जात नाही, हा या पद्धतीचा पाया आहे. येथपर्यंतची मांडणी प्रस्थापित शरीरक्रियाशास्त्राशी जुळते.

पुढचा भाग तितका जुळत नाही. एकदा खाल्ले की इन्सुलिनचे ठरावीक माप बाहेर पडते आणि ५५ मिनिटांच्या आत पुन्हा खाल्ले तर नवे माप पडत नाही, असे जिचकारांच्या मांडणीत गृहीत आहे. प्रत्यक्षात इन्सुलिनचा पहिला स्राव जेवणानंतर काही मिनिटांतच होतो आणि दुसरा टप्पा रक्तशर्करा पूर्वपदावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन तास चालतो. त्याचे प्रमाण खाल्लेल्या पिष्टाचे व प्रथिनांचे प्रमाण आणि आतड्यातील संप्रेरके यांवर अवलंबून असते. अर्धा लाडू व चार लाडू यांना सारखेच इन्सुलिन लागत नाही. त्यामुळे ५५ मिनिटे ही मर्यादा निसर्गनियम नसून पाळण्यास सोपा असा संकेत ठरते. संकेत म्हणून मात्र तिचा उपयोग नाकारता येत नाही: जेवण संपले की खाणे संपले, ही रेघ त्यामुळे स्पष्ट आखली जाते.

संशोधन

कमी वेळा जेवण्याच्या परिणामांवर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. प्राग येथे टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण उष्मांक सारखेच ठेवून दोन मोठी जेवणे व सहा लहान जेवणे यांची तुलना केली गेली. प्रत्येक पद्धत १२ आठवडे पाळल्यावर दोन जेवणांनी सरासरी ३.७ किलो, तर सहा जेवणांनी २.३ किलो वजन उतरले. या अभ्यासातील दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण होते. रात्रीचे जेवण नव्हते. ही बाब मराठी चर्चेत बहुधा सुटून जाते.

उलट, चीनमधील १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्मांक कमी करण्याच्या जोडीला जेवणाच्या वेळा आठ तासांत बांधल्या, तरी केवळ उष्मांक कमी करण्यापेक्षा लक्षणीय अधिक लाभ आढळला नाही. म्हणजे दोन वेळा जेवणाऱ्याचे वजन उतरते ते बव्हंशी एकूण खाणे घटल्यामुळे, असा अर्थ निघू शकतो. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून पेशींच्या आत्मभक्षण क्रियेचा दाखलाही या संदर्भात दिला जातो. ते संशोधन प्रामुख्याने यीस्टच्या पेशींवरील होते. दिवसातून दोन वेळा जेवण्याविषयी त्यात काही नाही.

वजन उतरल्याने मधुमेह शमतो याचा भक्कम पुरावा मात्र आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात (२०१७) अत्यल्प उष्मांकाच्या आहारानंतर एका वर्षाअखेर ४६ टक्के सहभागींचा मधुमेह औषधांविना शमलेला आढळला. औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहिल्यास त्यास शमन म्हणावे, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची २०२१ ची व्याख्या आहे. लोकप्रिय भाषेतील ‘मधुमेहमुक्ती’ हा शब्द या अवस्थेसाठी वापरला जातो. पण वजन परत वाढले की शर्कराही परतते, हे त्या शब्दातून कळत नाही.

शासकीय मोहीम आणि वाद

२०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने दीक्षित यांची लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून निवड केली. त्याच सुमारास मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या पद्धतीशी तिची तुलना सुरू झाली. दिवेकर थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी खाण्याचा पुरस्कार करीत आल्या आहेत. ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न २०१८-१९ मध्ये लग्नाच्या पंगतीपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र चर्चिला गेला आणि त्यावर विनोदही झाले. अनेक आहारतज्ज्ञांनी सर्वांना एकच नियम लावण्यास हरकत घेतली. दोन्ही बाजू घरचे व स्थानिक अन्न खावे, बेकरीचे व पाकीटबंद पदार्थ टाळावेत यावर एकमत होत्या, याकडे त्या गदारोळात दुर्लक्ष झाले.

औषधे घेणाऱ्या मधुमेहींना असलेला धोका

निरोगी मनुष्य दोनच वेळा जेवला तर त्याला भुकेखेरीज विशेष त्रास होत नाही. मधुमेहावरील काही औषधे घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनची इंजेक्शने जेवण झाले की नाही याची वाट न पाहता शर्करा उतरवितात. जेवणांतील अंतर वाढविले आणि गोळीची मात्रा तीच ठेवली, तर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलणे असंबद्ध होणे व शेवटी भान हरपणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चमचे साखर पाण्यातून त्वरित द्यावी आणि १५ मिनिटांनी शर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

या प्रसंगी ‘मध्ये काही खायचे नाही’ हा नियम मोडणे हाच नियम आहे. पद्धतीवरील निष्ठेपोटी साखर नाकारणे जिवावर बेतू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील औषधे घेणाऱ्याने फार वेळ उपाशी राहिल्यास शर्करा विशेष न वाढताही रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास शर्करा घसरण्याचे भय पुष्कळ कमी. म्हणून जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घेणे आवश्यक असते. गोळ्या आपणहून बंद करणे हेही तितकेच घातक.

तपासणीचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकते, तर नुकताच रक्तस्राव झाला असल्यास कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्या बाबतीत या एकाच आकड्यावर विसंबणे योग्य नाही.

निलंगा व परिसराचा संदर्भ

लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या निलंगा तालुक्यात दोन वेळा जेवणे ही नवी कल्पना नव्हे. शेतमजुराच्या घरी सकाळची भाकर शेतावर आणि संध्याकाळची चुलीपुढे, हाच जुना क्रम होता. फरक एवढा की त्यामागे निवड नव्हती, टंचाई होती. जैन परंपरेतील ‘बियासणा’ या व्रतात दिवसातून दोनदाच बसून जेवतात. हिंदू व्रतांत एकभुक्त व नक्त हे प्रकार आहेत. याउलट ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाणा, भगर व शेंगदाण्यांच्या उपवासाचे शर्करेच्या दृष्टीने अचूक वर्णन करते.

या भागात ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत सोयाबीनने मोठ्या प्रमाणात घेतली. सोयाबीन विकले जाते, ताटात येत नाही. ताटात रेशनचा गहू व तांदूळ आला. ‘निलंगा राईस’ या नावाने ओळखला जाणारा तिखट मसालेदार भात न्याहारीला खाल्ला जातो आणि आता तालुक्याबाहेरही गाड्यांवर मिळतो. दोन जेवणांपैकी एक असा निव्वळ भाताचा असेल, तर वेळ पाळूनही शर्करा चढते.

प्रथिनांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम व १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. दोन भाकरी आणि वाटीभर वरण यांतून एका जेवणात १७-१८ ग्रॅम मिळतात. दोन जेवणांत ३५. उरलेली तूट उसळ, दही, अंडी किंवा शेंगदाण्याची चटणी वाढवून त्याच दोन ताटांत भरून काढावी लागते, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वयस्क व्यक्तींमध्ये ही झीज भरून येण्यास फार वेळ लागतो.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा अपुरा पडण्याचे कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००४ च्या एका प्रसिद्ध तुलनेत दिसते. ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन व स्वतः याज्ञिक या दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या शेतकऱ्यासही मधुमेह का होतो, याचे एक उत्तर त्यात आहे. पोटाचा घेर मोजण्याचा दीक्षित यांचा आग्रह या दृष्टीने सयुक्तिक आहे.

मार्गशीर्षाच्या अखेरीस, वेळ अमावस्येला, लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे शेतात जेवायला लोटतात. भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचे आंबट आंबील असा तो बेत असतो आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात बोलावणी होत राहतात. पद्धत पाळणाऱ्यांपैकी पुष्कळजण हा दिवस नियमातून वगळतात.